प्रीआउट १.२ व्होल्ट, अ‍ॅम्पला हवेत १.८: पॉवर वाया जाते का?

फुलपात्र
होम थिएटरच्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारं आउटपुट) १.२ व्होल्ट लिहिलंय. फ्रंटच्या दोन स्पीकरांसाठी दोन चॅनलचा पॉवर अ‍ॅम्प जोडलाय: ८ ओहमला २०० वॅट, इनपुट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पूर्ण पॉवरसाठी लागणारं इनपुट, १.८ व्होल्ट. सेंटर आणि सराउंड रिसीव्हरवरच. स्पीकर ९० डीबीचे (१ वॅटला, १ मीटरवर), बसायची जागा ९ फुटांवर.

दुकानदाराचा हिशेब असा: १.२ भागिले १.८, त्याचा वर्ग ०.४४, म्हणजे २०० पैकी जेमतेम ८९ वॅट मिळणार, बाकीचे पैसे पाण्यात. वर अनुभव असा की आधी जो आवाज व्हॉल्यूमच्या -२० वर मिळायचा, त्याला आता -१८ लागतंय. दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प लावून आवाज कमी कसा?

प्रश्न तीन. १.२ व्होल्ट हा आकडा नक्की कसला? व्हॉल्यूमच्या आकड्याचा व्होल्टशी संबंध काय? आणि ४ व्होल्ट प्रीआउटचा रिसीव्हर घ्यावा का?

बारा_आण्याची_वायर
तिसऱ्याचं उत्तर ठाऊक आहे. घ्या. आणि जुना मला द्या.

डेसिबेलकाका
दुकानदाराचा गुणाकार बरोबर, गृहीतक चूक. १.२ व्होल्ट हे बहुतेक माहितीपत्रकांत 'रेटेड' आउटपुट असतं. ठरावीक इनपुटला, ठरावीक विकृतीच्या मर्यादेत इतकं मिळतं एवढाच त्याचा अर्थ. प्रीआउट तिथे थांबत नाही. कमाल किती, हे बरेच उत्पादक छापतच नाहीत. ते मोजावं लागतं.

आता -१८ चं कोडं. ८ ओहमवर २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट. ४० भागिले १.८ म्हणजे २२.२ पट, डीबीत २६.९. हा तुमच्या अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे व्होल्ट किती पट वाढतात ते. रिसीव्हरच्या आतल्या अ‍ॅम्पांचा गेन साधारण २९ डीबीच्या आसपास असतो, म्हणजे २८ पट. फरक २ डीबी. -२० चं -१८ झालं ते त्यामुळे. अ‍ॅम्प अशक्त नाही, त्याचा गेन कमी आहे. वॅट म्हणजे टाकी केवढी, गेन म्हणजे नळ किती आट्यांत उघडतो.

एक विचारतो: अ‍ॅम्प जोडल्यावर माइक लावून कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरांची लेव्हल जुळवणं) परत केलं का?

फुलपात्र
नाही केलं. जुनंच आहे. फ्रंटचे ट्रिम (त्या चॅनलची डीबीतली वाढ-घट) +०.५ दिसतात.

डेसिबेलकाका
मग खरी चूक तिथे आहे, व्होल्टमध्ये नाही. सेंटर आतल्या अ‍ॅम्पवर, फ्रंट बाहेरच्या, म्हणजे फ्रंट सेंटरपेक्षा २ डीबी खाली गेलेत. संवाद पुढे आणि संगीत मागे वाटत असणार. कॅलिब्रेशन परत करा, फ्रंटचे ट्रिम +२.५ च्या आसपास येतील आणि -२० वर पूर्वीचाच आवाज मिळेल. माइक काढायचा कंटाळा असेल तर हाताने दोन्ही फ्रंटना २ डीबी वाढवा.

सोनचाफा
माझ्या रिसीव्हरवर उणे काही दिसतच नाही. ४५, ५० असे आकडे येतात. तो वेगळा प्रकार का?

खरखर
तोच, फक्त चष्मा वेगळा. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ० ते ९८ ची पट्टी असते आणि तिथला ८० म्हणजे ० डीबी. तुमचे ५० म्हणजे -३०. सेटअपमध्ये व्हॉल्यूमच्या पानावर स्केल बदलता येतं. डीबीवर ठेवा, या धाग्यातली गणितं सरळ लागतील. दुसऱ्या ब्रँडांत शून्य ८० लाच येईल असं धरू नका.

सोनचाफा
झालं, -३० दिसतंय. आता एकदम गरीब वाटतंय.

डेसिबेलकाका
त्या शून्याबद्दल आणखी थोडं, कारण गैरसमज इथेच सुरू होतो. कॅलिब्रेशन करताना यंत्र -३० डीबीएफएसचा (डिजिटल कमालीपेक्षा ३० डीबी खाली) खरखराट वाजवतं आणि ० व्हॉल्यूमला तो खुर्चीपाशी ७५ डीबी यावा असे ट्रिम लावतं. म्हणजे ० ला पूर्ण भरलेला सिग्नल आला तर एका चॅनलमधून १०५ डीबी. एलएफई (खास बासचा) चॅनल १० डीबी वर, म्हणून ११५. हा चित्रपटगृहाचा संदर्भ. तेव्हा ० म्हणजे 'पूर्ण पॉवर' नव्हे, 'शून्य आवाज' तर नव्हेच. १०० डीबीच्या हॉर्न स्पीकरला ० वर १०-१२ वॅट पुरतील आणि ८४ डीबीच्या छोट्या बुकशेल्फला ४०० सुद्धा अपुरे पडतील. दोन्ही घरांत पडद्यावर ० च दिसेल.

तबकडी
काका, इथे थोडी असहमती. ट्रिम चढले की प्रीआउटची कमाल मर्यादा लवकर गाठली जाते, त्यामुळे चूक व्होल्टमध्ये नाहीच असं म्हणता येणार नाही. प्रीआउटवर जे येतं ते सिग्नल, व्हॉल्यूम आणि ट्रिम या तिघांची डीबीतली बेरीज असते, त्यात इक्वलायझरने उचललेले बासचे डीबी वेगळे. कोणी २३ डीबी गेनचा अ‍ॅम्प घेतला तर २०० वॅटला २.८ व्होल्ट लागतात. तिथे १.२ वाला रिसीव्हर खरंच अडतो.

डेसिबेलकाका
मान्य. पण अडतो का, हे खुर्चीपासून उलटं मोजून ठरवायचं. फुलपात्रांचेच आकडे घेतो.

हवेत १०५ डीबी. ९ फूट म्हणजे २.७ मीटर, तिथवर मोकळ्यात ८.६ डीबी कमी होतात, खोली त्यातले ३ परत देते असं धरू. स्पीकर १ वॅटला ९० देतो. १०५ अधिक ८.६ वजा ३ वजा ९० म्हणजे २०.६ डीबी, म्हणजे ११५ वॅट. ८ ओहमवर ३०.३ व्होल्ट. भागिले २२.२ केलं की प्रीआउटवर हवेत १.३७ व्होल्ट.

हे ० व्हॉल्यूमला. -१० ला वॅट दहापट कमी, साडेअकरा, आणि प्रीआउट ०.४३ व्होल्ट. -२० ला सर्वांत मोठ्या दणक्याला १.१५ वॅट आणि ०.१४ व्होल्ट.

बारा_आण्याची_वायर
२०० वॅटचा अ‍ॅम्प. सव्वा वॅटसुद्धा नाही. म्हणजे लग्नाचा हॉल घेऊन त्यात दोघांनी चहा प्यायचा.

फुलपात्र
वायरभाऊ, जखमेवर मीठ नको. काका, म्हणजे अ‍ॅम्प घेतला तोच उगाच?

तबकडी
उगाच असं नाही. ० पर्यंत जाणाऱ्याला ११५ वॅट लागतात आणि तेव्हा पाच-सात चॅनल एका ट्रान्सफॉर्मरवर असतील तर मधल्या दर्जाचा रिसीव्हर दमतो. माहितीपत्रकातले वॅट बहुधा दोनच चॅनल वाजवून मोजलेले असतात. ४ ओहमपर्यंत उतरणारे स्पीकर असतील तर बाहेरचा अ‍ॅम्प आणखी उपयोगी. पण -२० वर ऐकणाऱ्याला त्याच आवाजात फरक कळला तर तो बहुतेक लेव्हल न जुळल्याचा असतो.

खरखर
गेनवरून आठवलं. व्होल्ट कमी म्हणून लोक ३२ डीबी गेनचा प्रो (स्टेजवरचा) अ‍ॅम्प आणतात आणि मग ट्वीटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) सू-सू ऐकू येते म्हणून धागे काढतात. ३२ डीबी म्हणजे ४० पट. प्रीआउटवर ५० मायक्रोव्होल्टचा गोंगाट असेल तर स्पीकरवर २ मिलिव्होल्ट. संवेदनशील स्पीकरला कान लावला की कळतो, हॉर्नवर सोफ्यावरूनही. ओळखायची खूण: व्हॉल्यूम तळाला नेला तरी सू-सू तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढच्या टप्प्यांतली आहे. मग प्रीआउटवरून येणारी आरसीए वायर अ‍ॅम्पच्या टोकाला काढून बघा. थांबली तर रिसीव्हरची, नाही थांबली तर अ‍ॅम्पची स्वतःची.

प्रो अ‍ॅम्पला मागे गेनचा स्विच असेल तर २६ डीबीवर ठेवा. पुढची बटणं अर्ध्यावर आणली म्हणजे पॉवर अर्धी होत नाही. तेवढीच पॉवर काढायला जास्त व्होल्ट लागतात एवढंच.

माळीणबाई
प्रो अ‍ॅम्पला फक्त एक्सएलआर (तीन पिनांचं) इनपुट आहे, रिसीव्हरला फक्त आरसीए. बाजारात मिळते ती तयार वायर चालेल?

खरखर
चालेल. आतली जोडणी तपासा, ताई. आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या २ नंबरला, आरसीएचं बाहेरचं कडं ३ ला आणि १ ला. काही स्वस्त वायरींत ३ नंबर नुसताच लटकत असतो. काही इनपुटांवर त्याने आवाज ६ डीबी पडतो आणि घरघर वाढते. मीटरच्या कंटिन्युइटीवर दोन मिनिटांचं काम.

वायर बदलली म्हणून व्होल्ट वाढत नाहीत. ज्या प्रोसेसरला स्वतःचं एक्सएलआर आउटपुट असतं तो बहुधा दुप्पट व्होल्ट देतो, ६ डीबी जास्त, पण ते त्याच्या सर्किटमुळे. खरंच कमी पडत असतील तर मध्ये लेव्हल वाढवणारा डबा लावतात. एआरटीचा क्लीनबॉक्स प्रो त्यासाठीच आहे, दोन चॅनल, आरसीए घेतो आणि बॅलन्स्ड (एक्सएलआरसाठीचं) देतो. आधी गणित करा, मग डबा.

सासवडचा_सबवूफर
माझी घरघर वेगळी आहे. बाहेरचा अ‍ॅम्प जोडला की हूं असा जाड आवाज, व्हॉल्यूम कितीही असो. प्रीआउट खराब?

डेसिबेलकाका
हा ग्राउंड लूप, दोन वाटांनी आलेल्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हूं ५० किंवा १०० चा येतो. आधी केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर सेटटॉप बॉक्समधून काढा. बहुतेक वेळा चोर तोच असतो, कारण त्या वायरचं अर्थिंग इमारतीच्या गच्चीवरून येतं आणि तुमच्या प्लगचं मीटरपेटीतून. थांबला आणि वायर केबलवाल्याची असेल तर तिच्यावर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंग तोडणारा डबा) लावा; डिशच्या वायरवर साधा आयसोलेटर चालत नाही, डिशला त्याच वायरीतून जाणारी वीज तो अडवतो. न थांबल्यास रिसीव्हर आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन कापू नका. हूं जाईल, पण बिघाड झाला तर पेटीला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

सासवडचा_सबवूफर
डिशची वायर काढली. शांत! धन्यवाद काका. घरच्यांनी विचारलं 'टीव्ही का बंद', त्यावर उपाय?

बारा_आण्याची_वायर
त्याला आयसोलेटर नाही.

तबकडी
मूळ प्रश्नाशी जोडलेला एक मुद्दा राहिला. प्रीआउटला अ‍ॅम्प जोडला तरी बऱ्याच रिसीव्हरांत त्या चॅनलचा आतला अ‍ॅम्प चालूच राहतो, नुसता रिकामा. २९ डीबी गेन धरला तर प्रीआउटवर १ व्होल्ट असताना आत २८ व्होल्ट तयार होत असतात. दीडच्या पुढे प्रीआउट गेलं की १०० वॅटच्या वर्गातला आतला अ‍ॅम्प सिग्नलचे शेंडे कापायला लागतो आणि त्याची घाण प्रीआउटवर उतरू शकते. म्हणून काही रिसीव्हरांत तो तोडायची सोय दिलेली असते. डेनॉनने २०२० च्या एक्स३७००एच, एक्स४७००एच, एक्स६७००एच मध्ये प्रीअ‍ॅम्प मोड आणला, त्यात आतले सगळे अ‍ॅम्प सुटतात. पण फुलपात्रांना तो नको, त्यांचे सेंटर-सराउंड आतल्यावरच आहेत. काही मॉडेलांत अ‍ॅम्प असाइनच्या पानावर फक्त फ्रंट सोडवता येतात, ते बघा.

फुलपात्र
शोधलं, माझ्यात तशी सोय नाही. मग कमाल व्होल्ट घरी मोजता येतील का? साधा मल्टिमीटर आहे.

डेसिबेलकाका
येतील, नीट वाचून करा.

पॉवर अ‍ॅम्प बंद करून त्याची आरसीए काढा. फ्रंट स्पीकर रिसीव्हरला जोडलेले नाहीत याची खात्री करा, बाकीच्यांच्याही वायरी काढा. सबवूफरही बंद. पूर्ण पातळीचा सलग सूर ट्वीटर आणि झोप दोन्ही घालवतो.

१०० हर्ट्झचा ० डीबीएफएस सूर असलेली फाइल यूएसबीवरून वाजवा. हजार हर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मीटर ४०० च्या वर खोटं बोलतात. रिसीव्हर डायरेक्ट मोडवर, फ्रंट 'लार्ज'. 'स्मॉल' ठेवले आणि डायरेक्टमध्येही क्रॉसओव्हर (बास सबकडे वळवणारी गाळणी) चालू राहिला तर सूर कापला जाऊन मोजमाप फसतं. डायनॅमिक ईक्यू, डायनॅमिक व्हॉल्यूम बंद. फ्रंट ट्रिम ० करा, आधीचा लिहून ठेवा.

मीटर एसी व्होल्टवर. एक काडी आरसीएच्या मधल्या पिनला, दुसरी कड्याला. दोन्ही एकमेकींना टेकू देऊ नका. जुन्या आरसीए वायरचं एक टोक कापून दोन तारा सोलल्या तर हात मोकळे राहतात.

-१० पासून १-१ डीबी चढा. दर पायरीला आकडा १.१२ पट झाला पाहिजे, ६ पायऱ्यांत दुप्पट. जिथे तो मागे पडायला लागतो तिथे शेंडे कापले जायला लागले. दर पायरी दोन-तीन सेकंद, रेंगाळू नका.

तबकडी
पुस्ती: मीटर फक्त छाटणी दाखवतो. विकृती त्याच्या थोडी आधीच वाढलेली असते, म्हणून मिळालेल्या आकड्यातून २ डीबी तरी सोडून द्या. आणि व्हॉल्यूम +१८ पर्यंत चढला नाही तर घाबरू नका. डेनॉनमध्ये चॅनलचे ट्रिम अधिकात असले की वरची मर्यादा तेवढी खाली येते.

सोनचाफा
हे सगळं दुपारी करा. रात्री अकराला सोसायटीचा सेक्रेटरी मीटरशिवायच मोजतो.

फुलपात्र
मोजलं. ट्रिम ०, डावा फ्रंट:
-६ ला ०.५१
० ला १.०२
+३ ला १.४४
+६ ला २.०३
+७ ला २.२८
+८ ला २.४४
+९ ला २.५३

डेसिबेलकाका
सुंदर. +८ ला २.५६ यायला हवे होते, २.४४ आले, म्हणजे छत, प्रीआउटची कमाल, २.२८ च्या जरा वर. तबकडींचे २ डीबी सोडले तरी १.८ उरतात, तुमच्या अ‍ॅम्पला २०० वॅटसाठी हवेत तेवढेच. कॅलिब्रेशननंतर ट्रिम +२.५ धरला तर ० व्हॉल्यूमला १.०२ चे १.३६ होतात. वर खुर्चीपासून उलटं काढलेलं उत्तर १.३७ होतं. दुकानदाराचे ८९ वॅट बाद. चार व्होल्टवाला रिसीव्हर घेऊन तुमच्या घरात काही बदलणार नाही.

बारा_आण्याची_वायर
म्हणजे जुना मला मिळणार नाही. निषेध.

सासवडचा_सबवूफर
माझ्या नावाला जागून विचारतो. सबच्या प्रीआउटला हेच गणित लागू? माझा ट्रिम +६ आलाय, सबवरचं आवाजाचं बटण घड्याळातल्या नऊच्या जागी.

तबकडी
तिथे तर जास्तच, आणि या धाग्यात खरं व्होल्टचं संकट कुठे असेल तर तिथे. एलएफईला १० डीबी जास्त मिळतात. सबच्या आउटपुटचा गेन आणि छत फ्रंटसारखंच धरलं तर फुलपात्रांच्या रिसीव्हरवर ० व्हॉल्यूम, ० ट्रिमला १.०२ गुणिले ३.१६ म्हणजे ३.२ व्होल्ट मागितले जातील. छत २.२८. तीन डीबीने कपाळमोक्ष. त्यात 'स्मॉल' केलेल्या चॅनलांचा बास वेगळा येऊन मिळतो. तुमचा +६ म्हणजे -९ ला सुद्धा काठावर. स्फोटाच्या प्रसंगी सब 'फट' करतो तेव्हा लोक सबला दोष देतात, कापलेलं असतं रिसीव्हरने.

सबचं बटण वाढवा आणि कॅलिब्रेशन परत करा. ट्रिम -३ ते -९ मध्ये आला पाहिजे. अगदी -१२ वर चिकटला तर बटण थोडं कमी करा, कारण पट्टी तिथेच संपते आणि खरा आकडा आणखी खाली असू शकतो.

माळीणबाई
पण ट्रिम खाली नेला की माझा सब झोपतो. रात्री -३५ वर ऐकताना सिग्नल इतका बारीक असतो की ऑटो-ऑन जागंच होत नाही. म्हणून सगळीकडे ट्रिम वाढवा, बटण कमी करा असं सांगतात.

खरखर
सांगतात, आणि हळू ऐकणाऱ्यासाठी ते चूकही नाही, ताई. -३५ वर +३ ट्रिम ठेवला तरी छत फार दूर आहे. -१० वर सिनेमा बघणाऱ्याने तेच केलं की फट. दोन्ही करत असाल तर ट्रिम उणेच ठेवा आणि मागचा ऑटो स्विच 'ऑन' वर टाका. वीज थोडी जास्त जाईल. रिसीव्हरला १२ व्होल्ट ट्रिगर (दुसऱ्या यंत्राला चालू करणारं आउटपुट) असेल आणि सब तो घेत असेल तर तेही नको, दोघं एकदम उठतील.

सासवडचा_सबवूफर
बटण बाराच्या जागी केलं, माइक फिरवला. ट्रिम -४.५. फट गेलं.

फुलपात्र
इकडे फ्रंट +२.५ च आले. दोन्ही फ्रंट, दशांशासकट. -२० परत -२० झालं. मात्र सेंटरही आधीपेक्षा अर्धा डीबी वर दाखवतोय, तो अ‍ॅम्प तर बदलला नाही.

डेसिबेलकाका
माइक चार बोटं इकडेतिकडे झाला की अर्धा डीबी हलतो. स्टँड कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून हातभर पुढे. तिथून हलवू नका.